नॉट काढ बे!

"नॉट काढ बे!" असं ओरडत आमचे इंग्रजीचे सर फळ्याकडे धावायचे आणि हातात डस्टर असूनही तो शब्द अंगठ्यानंच पुसायचे. मग अंगठ्यावर जोरदार फुंकर. खडूचा ढग पहिल्या बाकावर आणि पहिल्या बाकाला शिंका. मेहकरच्या आमच्या शाळेत इंग्रजीचा तास कुठल्या वर्गात चाललाय, हे वेळापत्रक न बघता शिंकांवरून कळायचं.

भानगड अशी होती. आपण मराठीत म्हणतो, 'जोपर्यंत तू येत नाहीस, तोपर्यंत मी जेवणार नाही.' पोरं तेच उचलून इंग्रजीत ठेवायची: 'अनटिल यू डू नॉट कम, आय विल नॉट ईट.' इंग्रजीत 'अनटिल'च्या वाक्यात तो 'नॉट' चालत नाही. सर कपाळाला हात लावायचे. "अबे, 'तू येईपर्यंत' म्हण ना सरळ! 'तू न येईपर्यंत' म्हणते काय कोणी? मग तर जेवणच नाही भेटणार तुले!"

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. गणितात चुकलं तर उत्तर चुकतं, विषय संपला. सरांच्या मते मात्र दोन वाक्यांना जोडणारा शब्द चुकला की माणसाचं नशीबच चुकतं. "इफ आन् व्हेनमंदी काय फरक हाय, गणितवाले?" ते मला चहा पिताना विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "शंका असली तर इफ, खात्री असली तर व्हेन. 'बाप घरी आला तर' म्हणणारं पोरगं बिनधास्त खेळते. 'बाप घरी आल्यावर' म्हणणारं पुस्तक उघडून बसते!"

हे वेड शाळेपुरतं असतं तर ठीक होतं. एकदा खचाखच भरलेल्या एसटीत कंडक्टर ओरडला, "जोपर्यंत मागं सरकत नाही तुम्ही, तोपर्यंत गाडी हालणार नाही!" गर्दीतून सरांचा आवाज आला, "इंग्रजीत सांगशीन तर नॉट काढजो, भाऊ!" कंडक्टर म्हणाला, "तुम्ही आधी माह्या पायावरचा पाय काढा, साहेब." मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू ह्या गृहस्थांना कधी पाहिलेलंच नाही.

सर चाळिशीला टेकले होते आणि अविवाहित होते. त्याचंही व्याकरण त्यांच्याकडे तयार होतं. "मराठीत 'जरी' आला की 'तरी' मागं येतेच. नवरा-बायकोच हायेत ते. इंग्रजीत 'ऑल्दो' लिहिला की 'बट' नाही लिहायचा. एकटा जीव सदाशिव, माह्यासारखा!" वर्ग हसायचा. शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई शिकवत, आणि मधे फक्त पत्र्याची भिंत. एके दिवशी पत्र्यापलीकडून शांत आवाज आला, "म्हणूनच ती भाषा ऐकायला इतकी कोरडी वाटते." सरांचा खडू हातातच मोडला. त्या दिवसापासून सर 'ऑल्दो' जरा मोठ्यानं शिकवू लागले आणि पुढे उत्तराची वाट बघत पत्र्याकडे कान लावू लागले.

तुम्ही-आम्ही असे प्रकार पाहिले आहेत; पुढे काय होणार हे सगळ्या स्टाफला कळतं, फक्त त्या दोघांना सोडून. दोन वर्षं पत्र्यावरून वादावादी चालली. मग बाईंना त्यांच्या गावी, देऊळगाव राजाला, आमच्याच संस्थेच्या शाळेत जागा मिळाली. आता मात्र सरांची झोप उडाली. हिंमत बांधून त्यांनी सायकल स्टँडजवळ बाईंना गाठलं आणि नंतर धापा टाकत माझ्याकडे आले.

"विचारलं मी."

"काय विचारलं?"

"म्हणलं, 'तुम्ही देऊळगावले गेल्यावर मी कायमचा तिकडं आलो तर चालेल का?'"

"आणि त्या?"

"म्हणाल्या, विचार करून सांगते." सर मटकन बाकावर बसले. "आता मी जगू कसा?"

निरोप समारंभाचा दिवस उजाडला तरी बाईंनी काही सांगितलं नव्हतं. सभागृह भरलेलं, बाई शाल-श्रीफळ घेऊन खुर्चीत, संध्याकाळची बस ठरलेली. मुख्याध्यापकांनी सरांना दोन शब्द बोलायला उभं केलं, पण सरांना एकही सुचेना. शेवटी मुख्याध्यापक कंटाळून म्हणाले, "सर, बसा आता." आणि बाईंसमोर मराठी बोलायची छाती होईना म्हणून असेल, सर एकदम इंग्रजीतून गरजले, "अनटिल मॅडम डझ नॉट टेल, आय विल नॉट सिट!"

मग नववी 'ब'मधून, निव्वळ सवयीनं, एक आवाज आला, "नॉट काढ बे!"

पोरानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. अख्खं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडू लागलं, "नॉट काढ बे! नॉट काढ बे!" सर लालेलाल झाले. त्यांनी अंगठा वर केला, हवेतला 'नॉट' पुसला आणि फुंकर मारली. शप्पथ सांगतो, पहिल्या रांगेतलं एक पोरगं शिंकलं.

"अनटिल मॅडम टेल्स," सर बारीक आवाजात म्हणाले, "आय विल नॉट सिट."

"अहो, पण मॅडमनी सांगायचंय काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

बाई उठल्या. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "सरांचं एक वाक्य माझ्याकडं तपासायला होतं," त्या म्हणाल्या. "'मी तिकडं आलो तर' असं होतं ते. त्यात 'तर' चुकलाय. तिथं 'आल्यावर' पाहिजे." मग सरांकडे न बघताच म्हणाल्या, "बसा आता."

सर बसले. खुर्ची बरीच मागे होती, त्यामुळे थेट जमिनीवरच बसले. तिथूनच ते इतके हसत होते की त्यांना उचलायचं कोणालाच सुचलं नाही. मी शिट्टी वाजवली. गणिताच्या मास्तरानं वाजवू नये अशी.

आता ते दोघंही देऊळगावला असतात. पत्र्याच्या भिंतीपलीकडे आता मी त्रैराशिक शिकवतो, आणि कोणी शिंकत नाही. करमत नाही, हे कबूल करतो. परवा न राहवून फोन लावला. "सर, मेहकरला कधी येताय?"

"सुट्टी भेटली तर येतो ना, गणितवाले."

मागून, बहुधा स्वयंपाकघरातून, शांत आवाज आला, "भेटल्यावर!"

आणि मग फोनवर मला ती ओळखीची फुंकर ऐकू आली.