कासारणीचा धडा

शनिवारवाड्याच्या दफ्तरात कारकून असल्याने पितृपक्षाची नावांची यादीही मी हरितालिकेआधीच करतो. त्या वर्षी पुरुषांची नावं भराभर लिहिली. पणजीचं कोणालाच आठवेना. नावाशिवाय तिला पाणी कसं द्यायचं?

ओसरीवर बांगड्या भरायला आलेली म्हातारी कासारीण आपल्या सुनेला शिकवत होती. माझ्या लेकीचा पंजा हळूच दाबून, डोळे मिटून ती म्हणाली, “हा सगुणाबाईंचा हात. अंगठ्याचं हाड रुंद, बांगडी तिरकी चढव. मला आजेसासूनं सांगितलंय.”

“सगुणाबाई कोण?” मी विचारलं.

“अहो, तुमची पणजी. लेखणी तुमच्याकडे, आणि विचारता मला?”

कसब्यातल्या घरोघरच्या बायका तिला अशाच पाठ होत्या. मी नाव लिहिलं आणि तिचा धडा संपेपर्यंत पायरीवर बसून ऐकत राहिलो.