मी कापलेली हिरवी वायर

२०२३ साल होतं आणि मला सदुसष्ट पुरी झालेली. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागं. पण गिटार मी कुणाकडनं शिकलो नाही, माझा मी शिकलो. किन्हवलीच्या अंगाला तीस वर्षं जेवढ्या जयंत्या झाल्या, बारशी झाली, लग्नं झाली, तिथं आमच्या गायनपार्टीत मीच ती वाजवली.

मग पार्टी मोडली. कोण मेला, कोण पोराकडं राहायला गेला. जे उरले त्यांनी कीबोर्ड आणला. त्यात ढोलकी पण, गिटार पण. बटन दाबलं की गिटार! मला अजून त्याची शिसारी येते. पार्टीची मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, ज्याच्या घरी होती त्यानं ती भंगारवाल्याला दिली. माझ्याकडं नुसती गिटार उरली. आणि मशिनीशिवाय ही असली विजेवरची गिटार म्हणजे दात पडलेला माणूस. तोंड हलतं, बोल कळत नाहीत.

घरात वाजवायला मशीन घेईन म्हटलं, तर अडचण सुनेची. ती नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी नवाला घरी येते आणि दहा ते तीन झोपते. माझा वाजवायचा वेळ तोच. संध्याकाळी टीव्हीपुढं माझं कोण ऐकणार? ती सरळ बोलणारी पोरगी.

"बाबा, वाजवा तुम्ही. पण माझी झोप मोडली तर ड्यूटीवर माझ्या हातून चूक होईल. तिथं चूक म्हणजे माणसाचा जीव."

मी म्हटलं, "आठ दिवस दे गो बाय. आठ दिवसात तुला झोप लागंल असा आवाज लावला नाय, तर गिटार शेजारच्या वैशाखऱ्याच्या भाच्याला देऊन टाकीन."

"मी साक्षीला हाय," आतून बायको म्हणाली. "बोलून गेलात. आता फिरू नका."

मशीन घ्यायला कल्याणला गेलो. दुकानदार केस उभे केलेला, विशीतिशीतला. मला बघून त्यानं आधी एक डबा काढला, पंधरा वॉटचा. "काका, घरात हा पुरे." मी उचलून बघितला. त्याच्यापेक्षा भाजीची पिशवी जड. बैल घेताना दात बघायचे आणि मशीन घेताना उचलून बघायची, ही आमच्या पार्टीची रीत. मी कोपऱ्यातल्या मोठ्या मशिनीला हात घातला, तर कंबरेत कळ गेली. म्हटलं, ही मशीन.

"काका, ही हॉलची आहे. दहा बाय बाराच्या खोलीत काय करणार?"

"तू इक, मी काय करायचं ते करीन."

त्यानं ती लावून दाखवली. गेन नावाचं बटन फिरवलं आणि जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. म्हातारं डुक्कर चिखलात बुडताना करील तसा. तो मान हलवत होता आणि मला ओकारी येत होती. लोक पैसे देऊन गिटारचा गळा बिघडवून घेतात! तरी मी मशीन घेतली. छोटी घेऊन घरी जायची मला लाज वाटली, हे खरं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पक्कड घेऊन नव्याकोऱ्या वायरीचा प्लग कापायचं. पार्टीत आम्ही प्लग कधी ठेवलाच नाही. मांडवात बोर्ड कसला मिळेल काय सांगावं? वायर सोलायची, दोन तारा भोकात खुपसायच्या आणि वरून काडेपेटीची काडी ठोकायची. तिसरी हिरवी वायर मुळातूनच छाटायची. ती नुसती देखाव्याची, असं आम्ही एकमेकांना शिकवलं होतं. मीही छाटली, आणि काड्या ठोकल्या.

मशीन चालू केली तर तिच्यात भुंगा. तारेला बोट लावलं की भुंगा बारीक व्हायचा, काढलं की परत घूंऽऽ. आवाज कमी केला तर सूर मरायचा, भुंगा जगायचा. बास काढला तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची. ट्रेबल काढला तर गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी.

पार्टीत सगळी बटनं फुल असायची. आवाज लावताना एक माणूस लांब शेताच्या शेवटच्या बांधावर जायचा आणि ऐकू आलं की टॉवेल फिरवायचा. घरात मी उलटं केलं. बायकोला सुनेच्या दाराशी उभं केलं. ऐकू आलं की तिनं पदर झटकायचा. ती झटकतच राहिली.

"अवो, हात दुखला माझा! पंखा तरी बंद करा, वारा सुटला पदराचा!"

दोन दिवस असे गेले. मशीन फरशीवर ठेवली की पलीकडची भिंत थरथरायची. म्हणून खाली पाट, पाटावर गोधडी घातली. तोंड भिंतीकडचं खिडकीकडं केलं. गेन अगदी खाली, घड्याळात आठ वाजतात तिथं. बास थोडा, ट्रेबल मधोमध. सूर खरंच गोड लागला. हळू, पण गोड. पदर हलेना. पण भुंगा होताच, आणि सून डोळे चोळत बाहेर आली. "बाबा, गाणं नाही त्रास देत. ते घूं घूं थांबवा. डोक्यात मुंगळा गेल्यासारखं होतं."

चौथ्या दिवशी मशीन रिक्षात घालून, मग एसटीत घालून, परत दुकानात. मी ओरडलो, "किडकी मशीन गळ्यात मारलीस!"

त्यानं वायर हातात घेतली. "काका, प्लग कुठंय?"

"कापला."

"कापला?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी म्हशीचं शेपूट कापून दूध का कमी म्हणून विचारतोय. "परत नाही घेता येणार. आणि घरचं अर्थिंग बघा आधी."

"मला शिकवू नको. तीस वर्षं वाजवतोय." आणि मशीन उचलून आलो. कंबर दोन दिवस शेकली. मशीन किडकी, पोरगा लबाड, हेच मी घरात सांगितलं. भुंग्याला मी शिव्या घातल्या, धूळ पुसली, बटनांना फुंकर मारली. वायर तेवढी बघितली नाही.

आठवा दिवस उजाडला. मशीन चालू ठेवून, गिटार खाटेवर टाकून मी परसात लघवीला गेलो. सून नुकती ड्यूटीवरून आलेली, हातपाय धुऊन ओल्या पायांनी घरात शिरली. बसायला जागा करावी म्हणून तिनं गिटार उचलली. तिची किंकाळी मी परसातनं ऐकली. आलो तर गिटार खाली पडलेली आणि ती एका हातानं दुसरा हात दाबून धरून उभी.

"झटका बसला," ती म्हणाली. "तारांना करंट आहे, बाबा."

माझ्या तोंडून काय निघालं? "ती थोडी झिणझिणतेच." हे मी बोललो. पार्टीत माईक ओठाला चावायचा, म्हणून गाणारा त्याला रुमाल गुंडाळायचा. तारा बोटांना चावायच्या, तर आम्ही म्हणायचो, गिटार जिवंत आहे. त्याचा आम्हाला अभिमान होता.

ती बोर्डापाशी वाकली. काड्या बघितल्या, छाटलेली हिरवी वायर बघितली. "आमच्याकडं हॉस्पिटलात मशीनची ही वायर कुणी कापली तर त्याला त्याच दिवशी घरी बसवतात. भुंगा हिच्यामुळंच असणार. हिला जमीन नाही मिळाली, तर करंट जाणार कुठं? तुमच्या बोटातनंच जाणार."

घराची वायरिंग करताना अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च कशाला म्हणून नको म्हणणाराही मीच होतो. त्या दुकानदारानं चार दिवस आधी तेच सांगितलं होतं. सुनेच्या हाताकडं बघितलं आणि मला माझीच घाण वाटली. डुकराच्या आवाजाची वाटली होती त्याच्याहून जास्त.

"आठ दिवस झाले," मी म्हटलं. "बोललोय. गिटार वैशाखऱ्याच्या भाच्याला जाईल."

"मशीन अजून लागलीच कुठंय?" ती म्हणाली. "अर्थिंग करा, प्लग लावा. त्या दिवसापासून आठ मोजा." आणि झोपायला गेली.

बायको दारातनं बघत होती. मला वाटलं, आता टोमणा येणार. ती एवढंच म्हणाली, "तिचा हात लाल झालाय वो."

दुसऱ्या दिवशी सहाला उठलो. मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरतं तिथं पहार मारली. खाली मुरूम लागला, तरी कमरेइतका खड्डा खणला. जुन्या बोअरिंगचा एक पाईप पडला होता, तो उभा केला. चुलीतला कोळसा आणि दोन पिशव्या जाडं मीठ आळीपाळीनं थरात टाकलं, वर माती लोटली आणि चार बादल्या पाणी ओतलं. नवाला सून आली तेव्हा मी पाईपाला हिरवी वायर आवळत होतो. ती खड्ड्याला वळसा घालून आत गेली. मी पाचवी बादली भरायला उठलो.