नारबोदने नेलेला गुड्डू

अर्धं अंगण सारवून झालं होतं. उरलेलं अर्धं तसंच टाकून चंचल शेणाच्या हातांनी तुळशीजवळ उकिडवी बसली होती. समोर तिची सहा वर्षांची दामिनी भिंतीकडे तोंड करून उभी.

"पोहे खा."

"नाही."

"पोळी-गूळ खा."

"नाही."

"मंग माझं डोकं खा."

तेही नाही. एरवी या वाक्यावर पोरगी खुदकन हसते आणि खरंच आईच्या केसांत तोंड खुपसते. आज हलली नाही.

चंचल माझी धाकटी जाऊ. माहेर आमगावचं, वडिलांचं तिथे लहानसं किराणा दुकान. आमच्याकडे कामठ्याला लग्न होऊन आली तेव्हा रोवणीचे दिवस होते. पहिल्यांदा शेतावर आली आणि चिखलात तिची चप्पल रुतली. ओढून निघेना तेव्हा तिथेच सोडून अनवाणी पुढे गेली आणि मला म्हणाली, "दीदी, धानासंगं चप्पलही उगवंल का वो?" बांधावरच्या साऱ्या बाया रोवणी सोडून हसत बसल्या. तेव्हापासून घरात तिचा आवाज आधी येतो, ती मागून.

एक काम पुरतं करून दुसऱ्याला हात लावणं तिला जमत नाही. कणीक मळता मळता दामिनीची वेणी आठवते, वेणी घालता घालता दूध उतू जातं. माझ्या पूजेला तासभर लागतो. फुलं, चंदन, पोथीचा एक अध्याय, मग आरती. चंचल मात्र ओल्या हातांनी देवघरावरून जाता जाता म्हणते, "देवा, पाहत राहजो पोट्ट्याईले, मी आली." देवाला ती पोरं राखायला बसवते. आधी मला याचा राग यायचा. नंतर वाटलं, देवघरासमोर गुड्डू इतका रांगला, रांगता रांगता चालायला लागला, कधी पायरीवरून पडला नाही. देव ऐकत असावा.

माझी दोन्ही मुलं शिकायला नागपूरला. आमचे घरचे शेतावर आणि चंचलचा नवरा श्यामलाल राइस मिलमध्ये, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणून दिवसभर आम्ही दोघी आणि ही दोन पोरं, दामिनी आणि अडीच वर्षांचा गुड्डू.

हा गुड्डू अजून अंगावर प्यायचा. चंचलने कडुलिंब वाटून लावला. त्याने तोंड वाकडं केलं, तिच्याच पदराने पुसून घेतलं आणि पुन्हा सुरू. मिरचीचं नाव काढलं तर श्यामलाल म्हणाला, "पोरगा होय का भजा?" शेवटी तिच्या आईने आमगावहून सांगितलं, पोळा झाला की पाठव माझ्याकडे, आठवडाभर माय दिसली नाही की आपोआप सुटतं. फक्त फोन करू नको, आवाज ऐकला का लेकरू हिरमुसते.

आता पोळ्याचं सांगते, कारण सारं तिथूनच सुरू झालं.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यासाठी, दामिनीने मातीचा नंदी आणला होता. स्वतः रंगवला, शिंगांना बेगड चिकटवली. पोळ्याच्या दिवशी आमच्या घरच्यांनी बैलजोडी नाल्यावर नेऊन धुतली आणि गुड्डू काठावर बसून सारं पाहत होता. घरी आल्यावर त्याने दामिनीचा नंदी उचलला, बादलीत बुडवला आणि चोळू लागला. आम्ही पाहिलं तेव्हा हातात नुसता चिखल आणि बेगडीचा एक तुकडा.

"नंदी न्हाला," गुड्डू खूश.

दामिनी इतकी रडली की शेजारची मुन्नीकाकी हातातलं सूप घेऊनच आली.

दुसऱ्या दिवशी नारबोद. पोळ्याला दारात खोवलेल्या पळसाच्या डहाळ्या सकाळीच उपटायच्या, सारं गाव मिळून शिवेवर जायचं आणि घरातली पीडा तिथे टाकून यायची. परतताना मागे वळून पाहायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. वाटेने मोठी माणसं ओरडत होती, "खासी-खोकला घेऊन जाय, नारबोद! मच्छर-ढेकून घेऊन जाय, नारबोद!" मग पोरांनी आपापलं जोडलं. कोणी म्हणे होमवर्क घेऊन जाय, कोणी म्हणे कारल्याची भाजी घेऊन जाय. आणि आमची दामिनी डहाळी उंच करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "गुड्डूले घेऊन जाय, नारबोद!"

साऱ्यांत जास्त हसली ती चंचलच. वर म्हणाली, "घेऊन जाय बापा, दूध तरी सुटंल!"

मी हसले नाही. मनात म्हटलं, देवा, लेकराचं बोलणं धरू नको. डहाळ्या टाकल्या आणि आम्ही मागे न पाहता घरी आलो.

दुपारी दामिनी दुसऱ्या कोणाचा तरी जुना लाकडी नंदी घेऊन पोरांसोबत बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, मागायला घरोघरी गेली. तेवढ्यात चंचलचा भाऊ ओमेश्वर मोटारसायकलवर आला, चहा घेतला, गुड्डूला पुढे टाकीवर बसवलं आणि निघून गेला. गुड्डूने हॉर्न वाजवला, आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी दामिनी फ्रॉकच्या ओच्यात बिस्किटं-चॉकलेटं घेऊन आली. राग उतरला होता, अर्धा खाऊ वेगळा काढलेला.

"गुड्डू कुठी हाय?"

चंचल तेव्हा चुलीपुढे बसून पदराने नाक पुसत होती. "गेला," एवढंच म्हणाली.

"कुठी?"

"मामाच्या गावाले."

झालं! मागच्या वर्षी आमच्याकडे चंपी नावाची शेळीची पाठ, लहानसं पिल्लू, होती. दामिनीच्या मागे मागे फिरायची. ती विकली तेव्हा पोरगी रडेल म्हणून याच घरात तिला हेच सांगितलं होतं, चंपी मामाच्या गावाले गेली, येईल. चंपी काही आली नाही. आता दामिनीला तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. शाळेतून आली की दारात बसून राही. ओमेश्वरने गुड्डूचा फोटो पाठवला, तो दाखवला. "हा जुना होय," म्हणाली आणि मोबाईल परत दिला. आम्हाला वाटलं, भावाची आठवण येते, येईल वळणावर.

तर आज सकाळी, चंचल अंगण अर्धवट सोडून तिला खाऊ घालायला बसली होती तेव्हा, पोरगी भिंत सोडून वळली आणि देवघरात माझ्याजवळ आली. मी गंध उगाळत होते.

"मोठी माय, देवाले देलेलं वापस मागता येते?"

मी वर न पाहता म्हटलं, "देवाला दिलेलं मागू नये, बाई."

"अन् नारबोदले देलेलं?"

माझा हात थांबला. विचारलं तर हुंदके देत सारं बाहेर आलं. तिला वाटत होतं गुड्डूला आपणच घालवलं, आणि आता सारे आपल्याशी खोटं बोलून राहिले.

तिला तसंच उचलून बाहेर नेलं आणि चंचलला सांगितलं. वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही. पोरीचे गाल शेणाच्या हातांनीच धरले.

"मंग हे पहिले नाही का सांगाचं? चाल, वापस मागू."

कुंपणापलीकडून मुन्नीकाकी ओरडली, "काऊन वो चंचल, येडी झालीस का? शिवेवर टाकलेलं कोनी बोलावते का? मांगं मांगं खोकला येईल, मच्छर येतील."

"काकी, मच्छर गेले तरी कधी? रातभर मलेच खाऊन राहिले."

"म्हनूनच सांगते, आहेत तेवढे पुरे!"

तरी आम्ही निघालो, आणि काकीही चपला घालून आलीच. धान पोटरीवर आलेलं, बांधाबांधाला काशीचं पांढरं गवत फुललेलं. शिवेवर साऱ्या गावाच्या डहाळ्या सुकून पडल्या होत्या.

"पूरं नाव घे," चंचल म्हणाली, "नाहीतर गावातले सारे गुड्डू आपल्याच घरी येतील. कायले घालू मी इतक्याईले?"

दामिनीने ओठ घट्ट केले आणि ओरडली, "नारबोद, गुड्डू श्यामलाल कटरेले वापस दे! मच्छर तूच ठेव! खोकला तूच ठेव!"

"अन् होमवर्क?" चंचलने हळूच विचारलं.

पोरगी आणखी जोरात ओरडली, "होमवर्कही तूच ठेव!"

मुन्नीकाकीला हसू आवरेना. मी मात्र हात जोडले. ज्याला जशी हाक मारता येते तशी तो ऐकतो, असं मला वाटतं.

दामिनी रस्त्याकडे पाहत उभी राहिली. एक ट्रॅक्टर गेला, एक सायकल गेली.

"नाही आला."

"येईल ना वो."

"चंपीही येईल म्हनलं होतं तुनं."

चंचलने कमरेचा मोबाईल काढून आपल्या आईला फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"माय, मी पोट्ट्याले न्याले येऊन राहिली."

"आता? अवं, काल रातच्याला पहिल्यांदा गिलासानं दूध पेला तो, अंगावरचं मांगितलं नाही. अजून दोन दिस काढ. सारी मेहनत पान्यात जाईल."

"जाऊ दे."

"पुढल्या खेपेले मले नको सांगजो मंग."

"नाही सांगत. माय, पोरगी जेवून नाही राहिली. तिले वाटते तिनंच भाऊ घालवला."

मग आजीबाई म्हणाली, "तिलेही घेऊन ये. एकटी नको येजो."

चंचलने मोबाईल कमरेला खोचला. "चाल. मामाचं गाव खरंच हाय का नाही, तूच आपल्या डोयानं पाहून घे. अन् चंपीचं सांगते तुले, ती मामाच्या गावाले नाही गेली. विकली आम्ही. खोटं बोललो."

मला वाटलं आता रडेल. दामिनीने विचारलं, "गुड्डूले नाही ना विकलं?"

"त्याले कोन घेईल वो? दिवसभर हॉर्न वाजवते."

तेव्हा कुठे पोरगी हसली. घरी येताना ती पुढे पळत होती आणि दर दहा पावलांवर मागे वळून आम्हाला "चला ना" म्हणत होती. मुन्नीकाकीने मागे न पाहायची रीत आठवून तोंड उघडलं, आणि मिटलं.

घरी आल्यावर दामिनीने उभ्याउभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. चंचलने तिची एक वेणी घातली, दुसरी घालता घालता बसची वेळ आठवली. जाता जाता देवघरावरून हाक दिली, "देवा, घर पाहजो."

आत्ता दोघी बसथांब्यावर उभ्या आहेत. गुड्डूला आणायला चंचल आमगावला चालली आहे.