आबांच्या भरताची शिदोरी

स्वतःच्या चेहऱ्यावर काडीचाही भरवसा नसताना ताठ मानेनं जगणारा माझ्या चुलत सासऱ्यांसारखा, आमच्या आबांसारखा माणूस उभ्या खानदेशात सापडायचा नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, वाचा परतली, पण हसू आणि रडू कायमचं हाताबाहेर गेलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूतला लगामच सुटलाय, आत काय वाटतंय त्याच्याशी याचा संबंध असेलच असं नाही. तेव्हापासून आबा अमळनेरच्या बाजारात वांग्यांचा भाव विचारता विचारता हमसून रडतात आणि कुणाच्या दुःखात भेटायला गेले की खदखदून हसतात. दुसरा कुणी घरात दडून बसला असता. आबा गाल पुसतात, एक बोट वर करतात आणि म्हणतात, "हाई रडू मन्हं नई शे. तुम्ही बोला." भाजीवाली घाबरून भाव उतरवायला निघते, तर रडत रडतच तिला रागावतात. मी तर थक्क होऊन बघत राहते.

गावात लग्न कुणाचंही असो, भरीत आबांच्याच हातचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि मिठाचा अंदाज असा की चाखायचीही गरज नाही. धुरात सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी, त्यामुळे तिथे आबांना कुणी काही विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या लेकीच्या लग्नात मात्र हा माणूस पहिल्यांदा घाबरला. "पाठवणीले हासू उनं तं व्याही काय म्हनतीन?" असं मला म्हणाले आणि सासरी द्यायच्या शिदोरीचं भरीत करायच्या निमित्तानं मांडवामागे धुरात जाऊन बसले. गाडी सुरू झाली तरी येईनात. शेवटी नवरीच शालू सावरत धुरात शिरली, मागोमाग व्याही. ती पाया पडली आणि आबांना जे हसू फुटलं! पोट धरून, मोठ्यानं, थांबता थांबेना. व्याही दोन पावलं मागे सरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र बापाचे काळे झालेले हात धरले. "हासा आबा. हाई हासू तुमनं नई, माले माहीत शे." हसत हसतच आबांनी डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सासरहून, नरडाण्याहून तिचा फोन आला. "वहिनी, भरीतमा मीठच नई व्हतं."

उभ्या जन्मात आबा मीठ विसरले नव्हते. "मग काय केलंस गं?"

"बठ्ठास्नी, सासू-सासरास्नी बी, तसंच खादं. वरथीन मीठ कोणलेच टाकू दिधं नई मी."

आबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.