एर्लिंदाचा कप

एर्लिंदा रोचाने माझ्या राजम्याच्या पातेल्यात तो रबरी कप उकळला, आणि वर मला सांगायला आली की पातेलं धुऊन ठेवलंय. मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पातेलं उसनं नेताना बाईने राजमा शिजवायचाय म्हणून सांगितलं होतं.

मेक्सिकोच्या सरहद्दीवर, हुआरेसमध्ये, आम्ही दोघी एकाच अंगणात राहायचो. तिची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये पत्र्याची भिंत. कामही एकाच कारखान्यात, मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधण्याचं. मी वयाने बरीच मोठी, म्हणून लाइनवरच्या मुली मला दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई, म्हणायच्या. एर्लिंदा दुरांगोकडच्या खेड्यातली, तिशी उलटलेली, रुंद हाडांची, एकटी. हसली की हिरड्या दिसायच्या. तिला कुणाला नाही म्हणता यायचं नाही, हा तिचा मोठा दोष. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यातलं दुसऱ्यांच्याच पोटात जायचं आणि ही कोरडा तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, चावत बसायची. मी ओरडले की म्हणायची, भूकच नव्हती.

लाइनवर संडासला जायचं तर खिळ्यावरची लाकडी पट्टी घेऊन जावं लागे. पट्टी एकच. ती खिळ्यावर नसली की बाकीच्यांनी कळ काढायची. पाळीच्या दिवसांत या पट्टीपायी बायका एकमेकींच्या जिवावर उठायच्या. एकदा पट्टी मिळेपर्यंत एर्लिंदाचा फिका निळा एप्रन मागून भिजला. सुपरवायझरने ते पाहिलं, आणि सामान आणायच्या निमित्ताने तिला तशीच लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली. संध्याकाळी ती एप्रन घासत होती आणि भिंतीपलीकडून तिचं रडणं मला ऐकू येत होतं.

तिची बहीण आमेलिया पूल ओलांडून अमेरिकेत, एल पासोत, घरकामाला जायची. तिला हे कळलं तेव्हा तिने हा कप आणून दिला. तिथल्या मालकिणीच्या मुलीने टपालाने मागवला होता आणि किळस येऊन पिशवीतून बाहेरही न काढता टाकून दिला होता. तपकिरी रबराचा, बुडाला बारीक शेपटी. आत घालायचा, दिवसभर विसरायचा, घरी येऊन ओतायचा, असं आमेलियाने सांगितलं. माहितीचा कागद इंग्रजीत होता. आम्हाला कळतील अशी त्यात फक्त चित्रं होती.

पातेल्याचं भांडण निवल्यावर एर्लिंदा पडद्यामागे गेली आणि मी पडद्याबाहेर चित्रं घेऊन बसले. कप मुडपायचा कसा ते मी वाचल्यासारखं सांगत होते. पहिल्याच खेपेला तो तिच्या बोटांतून निसटला आणि पडद्याखालून थेट माझ्या चपलेशी आला. पुन्हा उकळावा लागला, या वेळी तिच्या स्वतःच्या कॉफीच्या भांड्यात.

"दोन्या, आत हरवला तर?"

"हरवून जाईल कुठे? त्याला काय तिथून बस मिळणार आहे?"

"दुखतंय हो."

"मग श्वास सोड. आणि तोंड बंद ठेव, अख्ख्या अंगणाला ऐकू जातंय."

बाहेर आली ती नुकतीच घोड्यावरून उतरल्यासारखी, पाय फाकून. दुसऱ्या दिवशी कप गळला, तिने त्याला सैतानाची वस्तू म्हटलं आणि फेकून देते म्हणाली. पण एप्रन आठवला असावा, फेकला नाही. मग एका संध्याकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "दोन्या, आज मी पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही." शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता. मला फार बरं वाटलं. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी या बाईला इतकं खूश व्हावं लागतं, याचा रागही आला.

नर्सला मात्र आम्ही दोघी विसरलो होतो. कारखान्याला पोटुशी बाई नको असायची, कारण बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते. म्हणून दर महिन्याला प्रत्येकीने नर्स एल्विराच्या खोलीत जाऊन वापरलेलं पॅड दाखवायचं. जिला दाखवता आलं नाही, तिच्या कामात लगेच काहीतरी खुसपट निघायचं आणि तिला घरी बसवायचे. माझी पाळी गेली आणि मी या तमाशातून सुटले, त्या दिवशी मी बिअर प्यायले होते.

एर्लिंदाने नर्ससमोर कप धरला. नर्स म्हणाली, नियमात पॅड लिहिलंय, पेला नाही. तेव्हा हिने कुणाकडून तरी कोरं पॅड मागून घेतलं, संडासात जाऊन कपातलं त्यावर ओतलं आणि परत येऊन दाखवलं. नर्सने मान डोलावली. ही हकिगत बसमध्ये ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मागच्या बाकावर यादिरा बसली होती, लाइनवरची सगळ्यात लहान मुलगी, नुकतं लग्न झालेली. ती हसली नाही. उतरल्यावर आमच्यामागे धावत आली आणि एर्लिंदाच्या दंडाला धरून म्हणाली, "त्या कपात अजून थोडं आहे का?"

तिला दिवस गेले होते आणि नर्सकडे जायची तिची वेळ आली होती. पूर्वीही मुली एकमेकींचं पॅड नेऊन दाखवायच्या, पण ते जमवणं कठीण. पॅड एक आणि गरजवंत तीन, असं व्हायचं. कपाचं तसं नव्हतं. एका कपात किती पॅडांचं भागतं, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नोएमी एर्लिंदाच्या शेजारी उभी राहून टेप गुंडाळायची. तिने एर्लिंदाला बजावलं की आपलं हे रक्त दुसरीच्या हाती देऊ नये. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा थेंब कॉफीत पडला की पुरुष जन्माचा बांधला जातो, आणि तोच थेंब वाईट बाईच्या हाती लागला तर त्याने काहीही करता येतं. एर्लिंदा हिरड्या दाखवत हसली. "माझ्याकडे बांधायला आहे कोण? आणि मलाच कुणी बांधणार असेल, तर दोरी मी देते."

त्या वर्षी तिने कितीजणींना सांभाळलं ते तिलाच माहीत. तिचे दिवस आले की संडासात मुली कोरं पॅड खिशात घालून यायच्या. आमच्या लाइनला एकाच वेळी पाळी येते यावर नर्सने कसा विश्वास ठेवला, देव जाणे. बजावणाऱ्या नोएमीवर वेळ आली तेव्हा तीही पॅड घेऊन आली. पोट दिसू लागेपर्यंत काम टिकलं की दवाखान्याचे कागद होत आणि मग रजा अडवणं सोपं नसे. यादिराला रजा मिळाली, मुलगी झाली, आणि तिने एर्लिंदाला मुलीची धर्ममाता केलं. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा एर्लिंदाने स्वतः शिवला. त्यानंतर त्या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं धरतात.

पुढच्या वर्षी एर्लिंदाला दिवस गेले. कुणाचे, ते तिने मलासुद्धा सांगितलं नाही, आणि मी काही एकदाच विचारलं नव्हतं. ती मात्र आनंदात होती. आपल्याला आता मूल होणार नाही असं तिने धरून टाकलं होतं. एवढंच हवं होतं की पोट दिसेपर्यंत नोकरी राहावी. मागे कुणी नव्हतं. आमेलियाही तोवर नवऱ्याबरोबर डेन्व्हरला निघून गेली होती.

तिने कप उकळला, पिशवीत घातला आणि एकेकीकडे गेली. एक म्हणाली तिने मूल न होण्याचं इंजेक्शन घेतलंय, तिला पाळी येतच नाही. नोएमी म्हणाली तिला अगदी थोडं जातं. यादिरा म्हणाली, "कोमाद्रे, माझी अजून आलीच नाही हो." त्याच दुपारी नर्सच्या दाराशी यादिरा रांगेत उभी होती आणि तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं पॅड होतं. एर्लिंदाने ते पाहिलं. ती खाली बघून वायरी बांधत राहिली.

माझ्याने राहवलं नाही. पाण्याच्या नळाशी मी यादिराला गाठलं.

"मुलीची आई झालीस ती कुणाच्या जिवावर?"

"दोन्या, चिडू नका. माझ्या नवऱ्याने बजावलंय. तिच्या पोटात कुणाचं आहे, ते तरी कुणाला ठाऊक आहे का? अशा बाईच्या हाती आपलं रक्त कसं द्यायचं?"

"आणि तिचं घेतलंस तेव्हा?"

"घेणं वेगळं," ती म्हणाली, अगदी शांतपणे, मीच अडाणी असल्यासारखं. "घेतल्याने आपल्याला काही होत नाही."

मी एर्लिंदाला म्हटलं, माझी कोंबडी कापते, तिचं रक्त पॅडला लाव. ती नको म्हणाली. नर्सचा बाप खाटीक होता, तिला वासावरून कळतं, आणि त्यापायी एकीला आधीच काढलं होतं. मी तर कोरडी पडलेली म्हातारी. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी पाळी गेल्याचं वाईट वाटलं.

शेवटी ती रिकाम्या हातांनीच नर्सच्या खोलीत गेली. काय झालं ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. एल्विरा काही मूर्ख नव्हती. तिने दार लावून घेतलं आणि विचारलं, तुमच्या लाइनवर मला फसवलं कुणी कुणी? नावं सांग, तुझं मी पोट दिसेपर्यंत चालवून घेईन. एर्लिंदाला सगळी नावं ठाऊक होती. यादिराने तिला दिलेलं उत्तरही ताजं होतं. ती म्हणाली, मला कुणाचं काही माहीत नाही. मग तिने एप्रन काढून घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"सांगायचं होतंस," मी म्हटलं. अजूनही मला तसंच वाटतं.

"त्यांची पोरं आहेत, दोन्या."

"आणि तुझं काय आहे?"

तिने माझ्याकडे राजम्याचं पातेलं मागितलं. मग ती कारखान्याच्या फाटकाबाहेर टोपलीत बुरितो, म्हणजे राजमा भरलेल्या पोळ्या, घेऊन बसू लागली. राजमा तिने माझ्याच पातेल्यात शिजवलेला असायचा आणि चवीला कुणाहीपेक्षा चांगला असायचा. शिफ्ट सुटली की मुली तिच्यासमोरून जायच्या, मान हलवायच्या, आणि पलीकडच्या म्हाताऱ्याकडून विकत घ्यायच्या. एर्लिंदाच्या राजम्यात काय मिसळलं असेल याचा नेम नाही, असं नोएमी सगळ्यांना सांगत होती. जी त्यांच्यासाठी रक्त ओतत आली, तिच्या हातचं खायला त्यांना भीती वाटत होती. रोज टोपली भरलेलीच घरी यायची आणि आम्ही दोघी रात्री तेच खायचो. पोट वाढलं, बसवेना, तेव्हा ती दुरांगोला आपल्या गावी निघून गेली. निघताना कप माझ्याकडे ठेवून गेली. एखादीला उपयोगी पडेल, म्हणाली.

तिच्याकडून पुढे काही कळलं नाही. मूल झालं का, कसं आहे, मला माहीत नाही.

हिवाळ्यात एका रविवारी यादिरा माझ्या दारात आली. कडेवर पोरगी, पोरीच्या अंगात एर्लिंदाने शिवलेला तोच पांढरा झगा, आता तोकडा झालेला. बराच वेळ ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करत बसली. मग म्हणाली की तिला पुन्हा दिवस गेलेत आणि नर्सकडे जायची वेळ आलीय.

"दोन्या, कोमाद्रे तो कप तुमच्याकडे ठेवून गेली ना?"

मी उठले, फळीवरून पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने घाईने गाठ सोडली, कप बाहेर काढला, आत पाहिलं, उलटा करून पाहिला.

"हा तर रिकामा आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "भरणारी गेली."