कशेडी घाटात दोघांनीच ऐकलं

भूतखेत, आत्मा असलं कोणी बोलायला लागलं की मी सरळ म्हणतो, चल निघ, डोकं खाऊ नको. चौथी शिकलेला माणूस मी, मरोळला कंपनीत मशीनवर आयुष्य गेलं. चुका असतील तर असू देत. पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय...

बायको जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध गावी करायचं म्हणून सकाळीच निघालो. थोरला सुहास गाडी चालवत होता, धाकटा नितीन त्याच्या बाजूला, मी मागे. माझ्या बाजूची सीट तिची – रिकामी.

दोघं भाऊ वर्षभर बोलत नव्हते. कशावरून? तर बाबा कोणाकडे राहणार! मरोळचा थोरला म्हणतो माझ्याकडे, मुलुंडचा धाकटा म्हणतो माझ्याकडे. म्हातारा नको म्हणून भांडणारी पोरं मी ढीगभर बघितलीत. माझी पोरं म्हातारा पाहिजे म्हणून भांडली. छाती फुगणार नाही तर काय! पण अबोला तो अबोलाच. गाडीतसुद्धा सगळं माझ्यामार्फत.

“बाबा, त्याला सांगा, एसी कमी कर.”

“बाबा, त्याला सांगा, थंडी वाजते तर स्वेटर घाल.”

पनवेलला मी वैतागलो. “मी काय पोस्टमन आहे तुमचा? तोंडं दिलीत ना देवाने?”

कशेडीला सुहासने बोगदा सोडून जुन्या घाटाने गाडी घेतली. आई याच रस्त्याने यायची, म्हणाला. उतार लागला तसा नितीन नाक वर करून बोलला, “बाबा, त्याला सांगा, ब्रेक जळल्याचा वास येतोय. थांबव म्हणावं.”

“बाबा, त्याला सांगा, गाडी मी चालवतोय.”

मी आता दोघांना शिव्या घालणार, तेवढ्यात सुहास म्हणाला, “हो गं आई, घेतो बाजूला.” आणि घेतलीच. त्याच वेळी नितीनने पुढचा खण उघडून प्लास्टिकची पिशवी मागे धरली... रिकाम्या सीटकडे.

दोघंही थिजले. घाटात तिला दर वेळी मळमळायचं. दर वेळी ती ओरडायची, “सुहास, गाडी बाजूक घे रे, माका मळमळता!” दोघांनी तेच ऐकलं होतं.

“तू पण ऐकलंस?” सुहासने विचारलं.

“हो रे दादा.”

वर्षभराने भाऊ भावाशी बोलला.

खाली उतरून बघतो तर पुढच्या चाकांतून धूर. सुहासने परत ब्रेक दाबून बघितला तर पेडल सरळ खाली गेलं. नितीनने धावत जाऊन चाकांना दगड लावले. पुढच्या वळणाला खोल दरी होती – अजून जरा पुढे गेलो असतो तर तिघांची वाट लागली असती.

चाकं गार झाली, ब्रेक परत लागायला लागला, तेव्हा सुहासने पहिल्या गिअरवर गाडी उतरवली. नितीन खिडकीतून डोकं काढून, “दादा, ट्रक येतोय, थांब... आता घे!” एकजण स्टिअरिंग, एकजण डोळे. काय सांगू, मागे बसून मला राजासारखं वाटत होतं.

पोरं खोटं बोलत नाहीत. ती पिशवी रिकाम्या सीटकडे येताना मी स्वतः बघितली. पण माझे कान अजून शाबूत आहेत, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी मला ऐकू येते. पोरांना तिने वाचवलं, झकास केलं, आई आहे ती. पण तिच्या बाजूला मी बसलो होतो. मला एक शब्द ऐकू आला नाही. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.