मंतर आणि मोहिनी

लग्न होऊन धारूरला आले, त्याच आठवड्यात मी आमच्या मालकांना एका माणसाच्या थोबाडीत मारताना बघितलं. मी माजघरात ज्वारी निवडत बसले होते. मधल्या दाराच्या फटीतून कापडाचं दुकान दिसायचं. एक शेतकरी धापा टाकत आला, पागोटं काखेत, पायातल्या वहाणांसकट ओट्यावर चढला आणि म्हणाला, "बायकूला इंचू चावला." मालकांनी हातातला खण खाली ठेवला, ओठ जरासे हलवले आणि त्याच्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. तो माणूस गाल चोळत उतरला आणि आला तसा पळत गेला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकानं खणाचा काठ कसा आहे तेवढं विचारलं. मला वाटलं, बापानं आपल्याला चांगलं येड्यांच्या घरात दिलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना विचारलं तर त्या पोट धरधरून हसल्या. "अगं, मंतर हाय त्याच्याकडं. विंचवाचा." मग त्यांनी सगळं सांगितलं. मंतर मालकांना त्यांच्या मामानं दिलेला, ग्रहणात, नदीच्या पाण्यात उभं करून. ज्याला विंचू चावला तो घरी तळमळत असला तरी चालतो. त्याच्या घरचं माणूस निरोप घेऊन यायला पाहिजे, परकं चालत नाही. निरोप्याच्या गालावर चापट बसली की तिकडं विष उतरतं. आणि मंतर असणाऱ्यानं कुणाला नाही म्हणायचं नाही, ताटावर असला तरी उठायचं, बदल्यात पानाचा विडासुद्धा घ्यायचा नाही, आणि मंतर कुणाला ऐकू जाऊ द्यायचा नाही.

मी जन्माची फाटे फोडणारी. माझं माहेर लिंबागणेशच्या बाजूचं, बापाला मुलगा नव्हता म्हणून त्यानं मला अक्षरं शिकवली होती, आणि ते माझ्या अंगात फार होतं. मी मालकांना विचारलं, "मंतराचा अर्थ काय?" ते म्हणाले, "अर्थ नसतो त्याला. म्हणायचा असतो." आमच्याकडं जेवायला येणारे आमचे गुरू जंगमस्वामी म्हणायचे, जो मनन करतो त्याला तारतो तो मंत्र. मी म्हटलं, मनन करायचं तर आधी अर्थ नको का? स्वामी म्हणाले, "बाई, आमटी वाढा."

या असल्या गोष्टींना आमच्या गावात शब्दांची कमी नव्हती. शेतकरी मंतर म्हणायचे. किल्ल्याकडच्या मुसलमान बाया म्हणायच्या, दम करून आणला, म्हणजे दुवा म्हणून फुंकर घालून आणला. कचेरीत तेव्हा सगळा कारभार उर्दूत चालायचा, तिथले एक मुन्शी आमच्याकडं कापडाला यायचे. त्यांनी एकदा सांगितलं की आपण ताईत म्हणतो तो मूळचा तावीज, शब्द अरबी आहे, आणि त्याचा अर्थ आसरा मागणं. हे मला पटलं. एवढ्याशा डबीत चिठ्ठी घालून माणूस गळ्यात बांधतो, तर ती मागण्याचीच चिठ्ठी असणार, दुसरं काय असणार? पण आमची पंचाईत वेगळी होती. आम्ही लिंगायत. आमच्या गळ्यात लिंग असतं, आणि ज्या गळ्यात लिंग आहे त्या गळ्यात दुसरं काही बांधायचं नाही. मला मुलगी झाली तेव्हा आत्याबाईंनी दर्ग्यातून ताईत आणला आणि तिच्या करदोड्यात ओवला. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "गळ्यात कुठं बांधलाय? कमरेला हाय." जंगमस्वामींनी तो बघितला आणि छताकडं बघायला लागले.

आणि आणखी एक शब्द मोहिनी. तो मालकांसाठी राखून ठेवलेला होता. त्यांच्या जिभेवर मोहिनी आहे असं सगळा बाजार म्हणायचा. खण घ्यायला आलेली बाई लुगडं घेऊन जायची आणि वर म्हणायची, शेठ लई गोड माणूस. घरात मात्र शब्द मोजून. मी म्हणायचे, गोड बोलणं सगळं दुकानात सांडून येता, घरी रिकामं भांडं आणता. त्यावर ते नुसते हसायचे. लेक झाल्यावर मात्र माणूस बदललं. ती त्यांच्या मांडीवर बसून दुकान चालवायची. गिऱ्हाइकाला "हे नको, ते घ्या" सांगायची. बापाच्या गळ्यातला ताईतच झाली ती. आणि तो ताईत बांधायला स्वामींचीही ना नव्हती.

मंतरावर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. काळा विंचू चावला की माणूस बोंब मारतं, रात्रभर कण्हतं आणि दुसऱ्या दिवशी उठून खुरपायला जातं. कुणाच्या गालावर चापट मारा नाही तर मारू नका. मालकांना मी हे तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "असंल." रागावले नाहीत. त्यांचा स्वतःचा विश्वास होता का, ते मला तेव्हा कळलं नाही. कुणी पळत आलं की ते उठायचे, एवढं खरं.

लेकीला चौथं वर्ष लागलं होतं. त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि मालक बाजारात पाल ठोकून बसले होते. घरात आत्याबाई आणि मी. दुपारी लेक कोंबडीच्या मागं परसात गेली आणि गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला. तिची किंचाळी मी अजून विसरले नाही. आत्याबाईंनी विंचू चपलेनं ठेचला. तांबडा होता, बारका, माझ्या करंगळीएवढासुद्धा नव्हता. आमच्या बालाघाटात काळ्या विंचवाला कुणी फार भीत नाही. तांबड्याला भितात, आणि लेकरू असलं तर जास्तच. आम्ही मुळी उगाळून लावली. थोड्याच वेळात लेकीला दरदरून घाम सुटला, उलटी झाली आणि पाय गार पडले. आत्याबाई म्हणाल्या, "तू जा. घरचं माणूस तूच हायस."

दुकानदाराच्या घरची सून तेव्हा बाजारात जात नसे. मी रडत पळत सुटले, पदर सावरायलाही थांबले नाही. मंतर खोटा म्हणणारी मी त्या सगळ्या वाटेवर एकच म्हणत होते, मारा, मारा, लवकर मारा. देवाचं नावसुद्धा तोंडात आलं नाही.

पालाशी गर्दी होती. मालक गजानं कापड मोजत होते आणि एका म्हाताऱ्याशी हसत बोलत होते. मला बघितलं आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबलं. मी म्हणाले, "लेकीला इंचू चावला. तांबडा." आता काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं आपोआप मागं सरकली. मालकांनी गज खाली ठेवला. त्यांचे ओठ हलले. हात वर गेला. मी गाल पुढं केला आणि वाट बघत राहिले.

काहीच झालं नाही. मी मान वळवली तर त्यांचा हात खांद्याशी तसाच अडकलेला आणि ते माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या कुणाला मारताना ते जमिनीकडं बघायचे, हे मी फटीतून किती वेळा बघितलं होतं.

मी म्हणाले, "मारा."

"घरी चल."

"आधी मारा."

शेजारच्या पालातली बांगड्या विकणारी म्हातारी म्हणाली, "आवं शेठ, मारा की. लेकराचा जीव चाललाय."

त्यांनी हात खाली घेतला. पाल तसंच उघडं टाकलं आणि घराकडं पळत सुटले. मी मागून पळाले. त्यांच्या पाठीकडं बघत पळताना मला त्यांचा असा संताप आला होता की सांगता येत नाही. परक्या माणसांना जन्मभर मारलं आणि स्वतःच्या लेकीच्या वेळेला यांचा हात लुळा पडला.

घरी आल्यावर ते लेकीच्या उशाशी बसले. तिचा हात मांडीवर घेऊन खांद्यापासून बोटापर्यंत उतरवत राहिले आणि मंतर म्हणत राहिले. या वेळी मोठ्यानं म्हणत होते, नियमबियम सगळे विसरून. मी इतकी वर्षं ज्याच्या मागं लागले होते तो मंतर मी पहिल्यांदा ऐकला. त्यात खरंच काही अर्थ नव्हता. कुठल्या तरी नदीचं नाव होतं, कुठल्या तरी आईची आण होती, बाकीचे शब्द मी कधी ऐकलेलेही नव्हते. लेक डोळे उघडे ठेवून बापाच्या तोंडाकडं बघत होती. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. नेण्याआधी आत्याबाईंनी तिच्या कमरेचा ताईत सोडला आणि कुठं टाकला ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाया भेटायला यायला लागल्या. माझ्या पाठीवर हात फिरवायच्या, रडायच्या, आणि परसात गेल्या की आपसात बोलायच्या. मला ऐकू येत होतं. "नवऱ्यावर मोहिनी घातलीया हिनं. हात उठला न्हाई त्याचा. अन् लेकरू गेलं." म्हणजे जिभेवरची मोहिनी त्यांची होती, तिच्यावर बाजार खूश होता. आता मोहिनी माझी झाली आणि तिनं लेकीला खाल्लं. एरवी कुठल्या बाईला हे ऐकून मनात बरं वाटलं नसतं, की नवऱ्याचा हात आपल्यावर उठत नाही? मला त्या बायांच्या झिंज्या उपटाव्या वाटत होत्या. पण खोटं कशाला सांगू, त्या बोलत होत्या ते चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं.

लिंगायतांत सुतक नसतं, दुकान लवकरच उघडलं. मालक गादीवर बसायचे, पण गोड बोलणं गेलं होतं. गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यायचे. असाच एक दिवस वडवणीकडचा एक तरणा माणूस पळत आला. त्याला आमच्याकडचं काही माहीत नव्हतं. "आईला इंचू चावला," म्हणाला आणि गाल पुढं करून उभा राहिला.

मी मधल्या दारात होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी दारातून हलले नाही. नाही म्हणायचं नाही हा नियम होता. त्यांनी मान खाली घातली, ओठ हलवले आणि मारलं. चापटीचा आवाज माजघरात घुमला. तो माणूस पुढच्या बाजारी मुद्दाम सांगायला आला, मी घरी पोचेपर्यंत आई उठून बसली होती, शेठ. आनंदानं त्याचं तोंड फुललं होतं. मी त्याला गूळपाणी दिलं आणि आत येऊन भिंतीशी उभी राहिले.

त्या रात्री ताट वाढल्यावर मी विचारलं, "त्याला मारलंत. मला कावून न्हाई मारलं?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "तुझं तोंड आधीच रडून सुजलं होतं. त्याच्यावर कसा मारू?"

एवढंच म्हणाले. पुढं किती वर्षं आम्ही एका घरात काढली, दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली, मालक गेले. लोक शेवटपर्यंत त्यांच्याकडं पळत येत राहिले आणि ते मारत राहिले. मला जन्मात त्यांनी बोट लावलं नाही. पण तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

मुलगे शिकलेले आहेत. ते विचारतात, आई, तुला काय वाटतं, अण्णांचा मंतर खरा होता का? मी सांगते, खोटा. काळ्याचं आपोआप उतरतं, तांबड्याचं कुणालाच उतरवता येत नाही. मी अजून तशीच फाटे फोडणारी आहे आणि मला यात कुठंही चूक दिसत नाही. पण त्या दिवशी बाजारात त्यांनी माझ्या गालावर मारलं असतं आणि तरी लेक गेली असती, तर मंतर खोटा म्हणून मी सुटले असते. त्यांनी मारलं नाही. त्यांनी माझ्यावर माया केली, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही.